जुन्या काळातल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ डॉक्युमेंटऱ्या: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन वर्षं झाली मला या जुन्या फिल्म्सचं वेड लागलंय आणि ज्याला त्याला लिंक पाठवत असते, त्यामुळे तेच तेच प्रश्न येतात. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. क्रम काही खास नाही, जसे प्रश्न आठवले तसे घेतलेत.

या नेमक्या कुठल्या फिल्म्स? यूट्यूबवरचे बाटलीपासून फ्लॉवरपॉट टाइप व्हिडिओ का?

छे छे. मी बोलतेय ते दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या सरकारी फिल्म्सबद्दल, जास्त करून ब्रिटनच्या, थोड्या अमेरिकेच्या. कागद फेकू नका, हाडं साठवा, कढईतलं तूप-तेल ओतून देऊ नका, फाटका कोट उसवून पोराची पँट शिवा, असलं सगळं सांगणाऱ्या. बहुतेक पाच ते पंधरा मिनिटांच्या. ब्रिटनमध्ये मिनिस्ट्री ऑफ इन्फर्मेशन नावाचं खातं होतं, ते १९४० पासून दर आठवड्याला पाच मिनिटांची एक फिल्म थिएटरांना फुकट द्यायचं आणि ती मेन पिक्चरच्या आधी लागायची. आपल्याकडे पिक्चरच्या आधी न्यूजरील लागायची ना, लोक तेवढ्यात समोसे घेऊन यायचे, तसंच. १९४२ पासून दर आठवड्याऐवजी महिन्याला एक, पण पंधरा मिनिटांची, असं झालं. शिवाय फिरती पथकं प्रोजेक्टर घेऊन कारखान्यांत आणि गावांच्या हॉलमध्ये जायची, त्यामुळे जिथे थिएटर नाही तिथेही हे पोचायचं.

भंगार गोळा करा हे सांगायला सरकारने फिल्म काढायची काय गरज?

कारण माल येतच नव्हता! इंग्लंड म्हणजे बेट, निम्म्याहून जास्त गोष्टी जहाजाने यायच्या आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. कागदाचा लगदा आणि लाकूड स्कँडिनेव्हियातून यायचं, एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि ते आटलं. रबर मलायातून यायचं, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांकडे गेलं. अमेरिकेला खोबरेल तेल फिलिपिन्सकडून मिळायचं, तेही बंद. आता एवढा मोठा खड्डा कशाने भरणार, तर लोकांच्या कचऱ्याच्या डब्यातून.

आणि लोकांना माहीतच नव्हतं की हाडाचं काय होतं. हाडापासून सरस, हाडातल्या चरबीपासून ग्लिसरीन, ग्लिसरीनपासून स्फोटकं, उरलेल्या चुऱ्याचं खत. हे बाईला पोस्टरवर एका ओळीत सांगितलं तर ती म्हणणार बरं, आणि हाड कुत्र्याला घालणार. फिल्ममध्ये मात्र डब्यातलं हाड पुढे कुठे कुठे जातं ते दाखवता येतं.

पहिली कुठली बघू? वेळ कमी आहे.

मग डिझ्नीची ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायरिंग लाइन’ बघा, १९४२ ची, तीनेक मिनिटांत संपते. डॉक्युमेंटरी नाहीये, कार्टून आहे, पण काम तेच करते. मिनी माउस स्वयंपाकघरात बेकन तळतेय, प्लुटो जीभ बाहेर काढून बसलाय कारण तव्यातली चरबी त्याच्या जेवणावर पडणार असते. आणि ती ओतणार एवढ्यात रेडिओवरचा माणूस ओरडतो, थांबा! मग तो सांगतो की ही चरबी म्हणजे दारूगोळा आहे. प्लुटोला भयंकर राग येतो, त्याच्या तोंडचा घास गेला ना, मग भिंतीवर सैनिकाच्या ड्रेसमधल्या मिकीचा फोटो दिसतो आणि गडी सॅल्यूट ठोकतो.

मला यात खरं आवडतं ते शेवटचं प्रॅक्टिकल. चरबी गाळणीतून गाळायची, रुंद तोंडाच्या डब्यात भरायची, थंड जागी ठेवायची, डबा भरला की खाटकाकडे नेऊन द्यायचा. बस. भाषण नाही, चार स्टेप. खाटीक त्याचे पैसे द्यायचा, पुढे पुढे तर रेशनचे पॉइंटही मिळायला लागले. प्लुटो डबा तोंडात धरून दुकानात जातो आणि बदल्यात त्याला सॉसेज मिळतात, म्हणजे अगदी बोहारणीचा हिशोब, जुनं द्या आणि नवं घ्या.

मुलांना दाखवण्यासारखी?

वरचीच. आणि ‘डस्टबिन परेड’, तीही १९४२ ची, ब्रिटनची. जॉन हलास आणि जॉय बॅचलर या नवरा-बायकोच्या स्टुडिओने केलेली. याच दोघांनी पुढे १९५४ मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’चं कार्टून केलं. डस्टबिन परेडमध्ये हाड, पत्र्याचा डबा, टूथपेस्टची पिळलेली ट्यूब असली मंडळी सैन्यात भरती व्हायला निघतात. म्हणजे कचऱ्याचा डबा म्हणजे भरती ऑफिस. संवाद जवळजवळ लागतच नाहीत, माझ्या सहा वर्षांच्या भाचीने तीनदा बघितली आणि नंतर घरातली कोलगेटची ट्यूब फेकू देईना, कापून आतलं निघतं का बघूया म्हणे. (निघतं. चांगलं चार दिवस पुरतं.)

कपड्यांवरची कुठली आहे? शिवणकाम माझं आवडतं काम आहे.

तुमच्यासाठी ‘इन व्हिच वी लिव्ह’, १९४३ ची, रिचर्ड मॅसिंगहॅमची. हा माणूस आधी डॉक्टर होता, मग सगळं सोडून फिल्म्स करायला लागला आणि स्वतःच्या बऱ्याच फिल्म्समध्ये तो स्वतःच गोंधळलेल्या जाड्या नागरिकाचं काम करतो. या फिल्ममध्ये एक सूट स्वतःची आत्मकथा सांगतो. आपण शाळेत ‘मी फाटकी छत्री बोलतेय’ निबंध लिहायचो ना, डिट्टो तेच. नावातही गंमत आहे, आदल्या वर्षी नोएल कॉवर्डचा युद्धनौकेवरचा ‘इन व्हिच वी सर्व्ह’ गाजला होता, त्याची फिरकी घेतलीय. जहाजाच्या ऐवजी कोट-पँट.

सूटचंच का, ते कळायला हिशोब बघा. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांना रेशनिंग लागलं. माणशी वर्षाला ६६ कूपनं. पुरुषाचा लोकरी सूट, म्हणजे जाकीट, पँट आणि वेस्टकोट मिळून, २६ कूपनं खायचा. पैसे असले तरी उपयोग नाही, कूपन संपलं की संपलं. आणि ६६ चा आकडा पुढे अजून खाली आला. त्यात १९४२ मध्ये पँटच्या खालची दुमड बंद केली, कापड वाचावं म्हणून, तर पुरुष एवढे चिडले की काहीजण मुद्दाम लांब पँट घ्यायचे आणि घरी दुमडायचे. युद्ध चालूय, बॉम्ब पडतायत, आणि हे दुमडीवर अडून बसलेत!

याच मोहिमेचं नाव ‘मेक डू अँड मेंड’. १९४३ मध्ये त्याची एक पुस्तिकाही निघाली होती. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. पलंगावरची चादर नेहमी मधोमध विरते, कडा नव्यासारख्या राहतात. मग चादर मधून उभी फाडायची, दोन्ही चांगल्या बाहेरच्या कडा आणून मधे एकमेकींना शिवायच्या, आणि विरलेला भाग आता बाहेर गेला तो दुमडून टीप मारायची. झाली चादर अजून पाच वर्षांची. फक्त मधे एक शिवण येते ती पाठीला टोचते.

हे मी आमच्या आजीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान पण वर केली नाही, म्हणाली, “बरं मग? आणि त्यानंतर विरली की गोधडीत घालायची, हे नाही का सांगितलं तुझ्या सरकारने?”

स्वेटर उसवायची रीतही त्याच काळात शिकवायचे, लोकर उसवून लडी करायची, धुवायची, ओली असताना वजन लावून टांगायची म्हणजे वळ्या जातात, मग परत विणायची. हे आपल्याकडच्या कित्येक काकवांना आजही हातासरशी येतं.

स्वयंपाकाच्या पण आहेत म्हणे?

ढिगाने. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी, साखर रेशनवर गेलं आणि तिथून ते ४ जुलै १९५४ पर्यंत चालू राहिलं, म्हणजे युद्ध संपल्यावर अजून नऊ वर्षं. त्यामुळे मांस नसताना पोट कसं भरायचं यावर फिल्म्सच फिल्म्स.

‘व्हेन द पाय वॉज ओपन्ड’, १९४१, लेन लाय या न्यूझीलंडच्या कलाकाराची. हा माणूस फिल्मच्या पट्टीवर थेट रंग लावून ॲनिमेशन करायचा, असा अवलिया, आणि त्याला सरकारने सांगितलं की भाज्यांच्या पायची रेसिपी दाखव. त्याने दाखवली, पण मधे मधे स्वप्नासारखं काहीतरी विचित्र चालतं, माझ्या नवऱ्याने बघून विचारलं यात मीठ किती टाकायचं ते कधी सांगणार. ‘टू कुक्स अँड अ कॅबेज’ मात्र सरळसोट आहे. कोबी चुकीचा कसा शिजवतात आणि बरोबर कसा. इंग्रज लोक कोबी पाण्यात इतका उकळायचे की त्याचा नुसता लगदा व्हायचा आणि ते पाणी मोरीत. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ही फिल्म बघताना हसू आवरणार नाही.

स्वयंपाकघरातला उरलासुरला भाग डुकरांना. गल्लीच्या कोपऱ्यावर सरकारी पिंपं ठेवलेली असायची, बटाट्याची सालं, उष्टं-खरकटं त्यात टाकायचं. ते गोळा करून मोठ्या प्लँटमध्ये शिजवायचे आणि जे घट्ट लापशीसारखं निघायचं त्याला लंडनच्या टॉटनहॅम भागावरून टॉटनहॅम पुडिंग म्हणायचे, कारण तिथे ते आधी व्हायला लागलं. पुडिंग! डुकराचं खाणं असलं तरी नाव बघा.

खरंच पातेल्यांची विमानं झाली का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

जुलै १९४० मध्ये विमान उत्पादन खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी बायकांना आवाहन केलं की घरातली ॲल्युमिनियमची भांडी द्या, त्यांची स्पिटफायर, हरिकेन विमानं करू. विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस नावाची बायकांची संघटना दारोदार फिरली आणि भांड्यांचे अक्षरशः डोंगर जमले. बातमीपटांत ते डोंगर दिसतात, झाकणं, किटल्या, तवे, बघताना आपल्याला आपल्या माळ्यावरच्या पातेल्यांची आठवण येते. पण विमानाला लागणारं ॲल्युमिनियम ठराविक मिश्रणाचं असतं आणि घरगुती भांडी म्हणजे कसलीही सरमिसळ, वर लाकडी मुठी, लोखंडी खिळे. त्यामुळे त्यातलं किती खरंच विमानात गेलं याबद्दल इतिहास लिहिणारे साशंकच आहेत. आणि त्याच वेळी दुकानात नवीन ॲल्युमिनियमची भांडी विकायला होतीच, त्यावर तेव्हाच लोकांनी कुरकुर केली होती.

लोखंडी कुंपणांचं तसंच. बागांची, घरांसमोरची, चौकांची रेलिंगं कापून नेली, लंडनमध्ये जुन्या घरांच्या पुढच्या कठड्यावर कापलेल्या गजांचे खुंट अजून दिसतात. त्या लोखंडाचं पुढे काय झालं यावर आजही वाद घालतात लोक.

पण एक उलटी गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे आणि मला ती सगळ्यात भारी वाटते. हवाई हल्ल्यांत जखमींना उचलायला पोलादी स्ट्रेचर केले होते, लाखोंनी. युद्ध संपलं, स्ट्रेचर पडून राहिले. मग लंडनमध्ये नव्या सरकारी वसाहती बांधताना तेच स्ट्रेचर उभे-आडवे जोडून कुंपण केलं. दक्षिण लंडनमध्ये पेकहॅम, डेप्टफर्ड भागात अजून आहेत. ओळखायचं कसं, तर जाळीच्या दोन्ही टोकांना दांड्याला एक वाक असतो, स्ट्रेचर जमिनीवर टेकवला तर माणूस जमिनीला लागू नये म्हणून दिलेला. म्हणजे कुंपण गेलं युद्धासाठी आणि स्ट्रेचर आलं कुंपणासाठी. लंडनला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना फोटो काढायला सांगा.

मग फिल्म्स खोट्या का? मी खोट्या नाही म्हणणार. कागद, चिंध्या, हाडं, खरकटं यांचं काम खरंच झालं. १९४२ मध्ये तर कागद जाळणं किंवा फेकणं हा गुन्हाच केला होता. भांड्यांची गोष्ट जास्त करून लोकांना आपणही काहीतरी करतोय असं वाटावं यासाठी होती असं माझं मत. पण फिल्म बघताना हे डोक्यात ठेवा की पडद्यावरचा आवाज सरकारचा आहे.

या पर्यावरणाच्या फिल्म्स आहेत का? शाळेत पर्यावरण दिनाला लावू का?

लावा, पण पर्यावरण म्हणून लावू नका, मुलांना चुकीचं कळेल. मी पाहिलेल्या एकाही फिल्ममध्ये झाडं वाचवा, पृथ्वी वाचवा असं नाही. वाचवायचं ते बॉम्ब करण्यासाठी. त्यात रिसायकलिंग हा शब्दही सापडत नाही, सगळीकडे ‘सॅल्व्हेज’. ती तीन बाणांची खूण तर १९७० ची आहे, गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एका कागद कंपनीच्या स्पर्धेत काढलेली.

रेशनिंग उठल्यावर लोकांनी काय केलं तर श्वास सोडला आणि नवीन घ्यायला धावले. दोष कसा देणार, १४ वर्षं उसवून-शिवून काढलेली.

जर्मनीत पण होतं ना असं?

होतं, आणि युद्धाच्या आधीपासून. १९३६ मध्ये हिटलरने चार वर्षांची योजना आणली तेव्हापासून शाळेतली पोरं हाडं, चिंध्या, कागद गोळा करत होती. पण तिथे भंगाराचा धंदा पिढ्यानपिढ्या बऱ्याच ज्यू लोकांच्या हातात होता, त्यांना आधी धंद्यातून हाकललं आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीय, त्यांचे कपडे, चपला, चष्मे सुद्धा ‘जुना माल’ म्हणून मोजले गेले. त्यामुळे तिकडचं असलं काही बघायचं असेल तर मुलांसोबत नको, आणि एकट्याने बघताना पण आधी थोडं वाचून मग बघा.

भारतात अशा फिल्म्स होत्या का? मराठी काही?

याचं केंद्र मुंबईच होतं. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धप्रचाराच्या फिल्म्ससाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढलं, त्याचे अध्यक्ष होते जेबीएच वाडिया, आणि काही काळ चीफ प्रोड्युसर चक्क आपले व्ही. शांताराम. प्रभातवाले शांताराम आणि सरकारी प्रचार हे समीकरण आज विचित्र वाटतं पण तेव्हाचा काळच तसा गुंतागुंतीचा. पुढे १९४३ मध्ये त्याचं इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया झालं आणि थिएटरवाल्यांना या फिल्म्स दाखवणं सक्तीचं केलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्याच धर्तीवर फिल्म्स डिव्हिजन आलं, तेही मुंबईतच, पेडर रोडला. २०२२ मध्ये ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालं. त्याच आवारात २०१९ पासून राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे, गुलशन महाल नावाचा जुना बंगला, तो तरी एकदा बघून या, मुंबईत राहून न पाहिलेले कितीतरी लोक भेटतात मला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. लंडनच्या थिएटरात पावाचा तुकडा वाया घालवू नका अशी फिल्म लागत होती त्याच वर्षी, १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. एकच साम्राज्य, एकच युद्ध. मी आता त्या गोड आवाजातल्या फिल्म्स बघते तेव्हा हे डोक्याच्या मागे चालूच असतं. बघू नका असं म्हणत नाहीये.

जुन्या फिल्म्स इतक्या कमी का उरल्यात?

कारण फिल्म्सचंच भंगार झालं! ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या लेपात चांदी असते. जुनी फिल्म कोणी बघेना की चांदी काढायची आणि राहिलेला सेल्युलॉइड, म्हणजे फिल्मची प्लास्टिकसारखी पट्टी, विकायचा. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसच्या कितीतरी फिल्म्स पहिल्या महायुद्धात सैन्याने घेतल्या आणि सेल्युलॉइडपासून बुटांच्या टाचा केल्या. चंद्रावर जाणारे लोक दाखवणाऱ्या माणसाच्या फिल्म्स शेवटी सैनिकांच्या पायाखाली.

आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१, त्याची एक प्रत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याच्या शोधात तो काढणाऱ्या अर्देशिर इराणींकडे गेले होते. म्हातारे म्हणाले असतील इथेच कुठेतरी दोन-चार रिळं, आणि मुलाने बाजूला घेऊन सांगितलं की चांदी काढून ती केव्हाच विकली. नायरांनी हा किस्सा ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ च्या डॉक्युमेंटरीत सांगितलाय. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सुद्धा दोन रिळं आहेत फक्त.

त्या मानाने भंगाराच्या सरकारी फिल्म्स नशीबवान, त्या सरकारी कपाटात नीट राहिल्या. आहे की नाही गंमत, फेकू नका सांगणारी वाचली आणि आलम आरा वितळली.

कुठे बघायच्या, आणि फुकट का?

फुकट. तीन-चार जागा सांगते. इंटरनेट आर्काइव्ह या साइटवरचा प्रेलिंगर संग्रह, हा रिक प्रेलिंगर नावाच्या माणसाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जमवलेला, शाळा-कंपन्या-सरकार यांच्या असल्या कोणी न जपलेल्या फिल्म्सचा. अमेरिकन सरकारची १९४२ ची ‘सॅल्व्हेज’ तिथे मिळते. ब्रिटनच्यांसाठी इम्पीरियल वॉर म्युझियमची साइट. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या बीएफआय प्लेअरवर पण आहेत पण तिथे भारतातून सगळं चालेलच असं नाही. बातमीपट हवे असतील तर ब्रिटिश पाथेचं यूट्यूब चॅनल, त्यांनी २०१४ मध्ये एकदम ८५,००० फिल्म्स टाकल्या, एकदा आत गेलात की रात्र गेली म्हणून समजा.

सर्च करताना रिसायकलिंग टाकू नका, काही येणार नाही, नाहीतर नवीन काहीतरी येईल. इंग्रजीत सॅल्व्हेज, स्क्रॅप ड्राइव्ह, मेक डू अँड मेंड, होम फ्रंट असं टाका आणि पुढे १९४२ वगैरे वर्ष जोडा.

इंग्रजी कळत नाही हो, फार भरभर बोलतात.

खरंय, तो जुना बीबीसी छाप आवाज, नाकात बोलल्यासारखा. स्पीड पाऊणपट करा. मराठी सबटायटल्स शोधत बसू नका, आणि यूट्यूबचे आपोआप येणारे इंग्रजी कॅप्शन या आवाजावर हमखास घसरतात. माझी पद्धत म्हणजे पहिल्यांदा आवाज बंद करून बघायची, नुसते हात बघायचे. हात काय करतायत ते कळलं की निम्मी फिल्म कळली.

सोसायटीत दाखवायच्यात, कॉपीराइट?

अमेरिकन सरकारने स्वतः काढलेल्या फिल्म्सवर तिकडे कॉपीराइट नसतो. डिझ्नी आणि ब्रिटनच्या बाबतीत प्रत्येक साइटवर काय अटी लिहिल्यात त्या वाचा, आणि तिकीट लावणार असाल तर आधी परवानगी मागा.

आणि कृपा करून आधी चालवून बघा. आम्ही गणपतीत आमच्या हॉलमध्ये लावली, चाळीस माणसं, पोरं पुढे सतरंजीवर, आणि मिनी माउस तवा उचलते तिथेच नेट गेलं आणि गोल गोल फिरायला लागलं. सात-आठ मिनिटं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी त्या वेळात रॉकेलच्या डब्याचं काय काय व्हायचं ते सांगायला सुरुवात केली, सूप, शेगडी, तुळशीची कुंडी, आंघोळीचं पाणी तापवायचा बंब सोडून सगळं, आणि नेट परत आलं तर लोक म्हणाले थांबा जरा, काकूंचं होऊ द्या.

या फिल्म्समध्ये काय खटकतं?

भंगारवाला हिरो नसतो. लंडनमध्ये हातगाडी घेऊन चिंध्या-हाडं गोळा करणारे लोक शंभर-दीडशे वर्षं होते, कुठला कपडा कागदगिरणीत जातो आणि कुठला नाही हे त्यांच्या बोटांना कळायचं. मी बघितलेल्या फिल्म्समध्ये शिकवणारा नेहमी कोणीतरी सुटातला असतो आणि शिकणारी बाई असते. ज्याला खरं येतं तो एक तर दिसत नाही किंवा हसण्यापुरता.

आपल्याकडे वेगळं आहे का? पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना झाली, नाव काय, तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच वर्गीकरण आलं, ब्रिटिश सरकारला पाच मिनिटांची फिल्म लागली असती तेवढ्यासाठी. आणि बोहारणी तर संपतच आल्या. पाठीवर बोचकं, हातात स्टीलची पातेली, जरीची साडी उजेडाकडे धरून एका नजरेत सांगायची यात खरी जर किती. तिच्यावर कोणी नीट पंधरा मिनिटांची फिल्म केली असेल तर मला पाठवा, खरंच.

नवीन काळातली एखादी?

ॲग्नेस वार्दाची ‘द ग्लीनर्स अँड आय’, २००० ची, फ्रान्स. शेतात उरलेले बटाटे वेचणाऱ्यांची. मोठी आहे, निवांत बघा.

तुमच्याकडे डाउनलोड केलेल्या आहेत ना, पेनड्राइव्हवर द्याल का?

देते, पण पेनड्राइव्ह तुमचा आणा. मागच्या वेळी दिलेले तीन अजून आले नाहीत.